जुन्या रेडिओची संध्याकाळ : येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीच्या आसपासच्या एका शनिवारी, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही काही मंडळी रेडिओच्या सुरुवातीच्या काळातली एक संध्याकाळ पुन्हा मांडतो. गायक माजघरात बसतात, श्रोते अंगणात, आणि दोघांच्या मधे ओसरीवर एक व्हॉल्व्हचा रेडिओ असतो. दरवर्षी फोनवर तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. जिथे सांगण्यासारखं पुष्कळ होतं तिथे उत्तर लांबलं आहे.

या संध्याकाळी नेमकं काय होतं?

साडेसहाला चहा. सातला अंगणातले दिवे मंद करतो आणि सेटचा डायल उजळतो. आधी नुसता तानपुरा ऐकू येतो. मग निवेदक वेळ सांगतो, रागाचं आणि गाणाऱ्याचं नाव सांगतो आणि गाणं सुरू होतं. साडेनऊपर्यंत हे चालतं. मधे एक पंधरा मिनिटांची श्रुतिका असते, बाजारभावांचं छोटं वाचन असतं (संत्री, कापूस, ज्वारी, तूर), आणि बाकी सगळा वेळ संगीत.

गायक घरातच बसलेले असतात तर आम्हाला दिसत का नाहीत?

कारण त्या काळी ते दिसत नव्हते. रेडिओ येण्याआधी गाणं म्हटलं की समोर माणूस हवाच. देवळात कीर्तनकार, नाटकात नट, बैठकीत गवई. ग्रामोफोनने आवाज माणसापासून वेगळा केला, पण ती तबकडी तुमच्या हातात असायची, हवी तेव्हा लावता यायची. रेडिओवरचा माणूस त्याच क्षणी कुठेतरी खरा बसलेला, गात असलेला, आणि तरी दिसायचा नाही. हा अनुभव माणसांना अगदी नवा होता. अंगणात बसल्यावर पहिली दहा मिनिटं लोक माजघराच्या दाराकडे बघत राहतात. मग नजर सेटच्या जाळीवर येते, आणि मग बऱ्याच जणांचे डोळे मिटतात. ते बघण्यासाठी मी दरवर्षी मागच्या खांबापाशी उभी राहते.

म्हणजे तुम्ही खरोखर प्रक्षेपण करता?

नाही. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि आम्ही तो करत नाही. जुन्या मोठ्या सेटच्या पाठीमागे ग्रामोफोनचा पिकअप जोडायला दोन भोकं असत. माजघरातल्या एकाच मायक्रोफोनची वायर, मधे एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घालून, आम्ही तिथे जोडतो. आवाज सेटच्याच व्हॉल्व्हमधून आणि सेटच्याच स्पीकरमधून येतो. मध्यम लहरींवरून आलेला आवाज याहून बोदा असायचा आणि त्यात खरखर असायची, तेवढा फरक धरून चला. खरखर मुद्दाम घालावी असं काहींनी सुचवलं होतं. ते आम्ही केलं नाही. त्या काळचे लोक खरखर टाळून गाणं ऐकायला धडपडत होते, तिच्यासाठी कोणी सेट घेतला नव्हता.

नागपुरात रेडिओ केंद्र कधी सुरू झालं?

१६ जुलै १९४८ रोजी. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहाच केंद्रं आली होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत होते, आणि त्या एका वर्षात पाटणा, कटक, गुवाहाटी-शिलाँग, नागपूर, विजयवाडा अशी नवी केंद्रं भराभर उभी राहिली. पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं, म्हणजे आपल्यानंतर पाच वर्षांनी. पुण्याच्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते.

प्रांत दोन भाषांचा, म्हणून केंद्रही मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोलायचं. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी पन्नाशीच्या दशकात इथे नोकरी केली, त्यामागे हेच कारण आहे. सिव्हिल लाईन्समधल्या आकाशवाणी चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांच्या हे मनात येत असेल?

एक बारीकशी गोष्ट. १९४८ मध्ये निवेदक ‘आकाशवाणी’ म्हणत नसे. ते नाव देशभर रुळलं १९५६-५७ च्या सुमाराला. त्याआधी सगळा कारभार ‘ऑल इंडिया रेडिओ’ या नावाने चालायचा, आणि ते नावही ८ जून १९३६ पासूनचं.

केंद्र सुरू होण्याआधी नागपूरकर काय ऐकायचे?

दूरचं, आणि रात्रीचं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीचं होतं. त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा, भरवशाचा पल्ला पन्नास किलोमीटरही नाही. कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला. नागपूर मुंबईपासून आगगाडीने आठशेहून अधिक किलोमीटर. दिवसा मुंबई लागण्याची सोयच नव्हती.

रात्रीची गोष्ट मात्र वेगळी. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून खाली परततात आणि शेकडो किलोमीटरवर पोचतात. म्हणून जेवणं उरकल्यावर सेटभोवती बसून मुंबई शोधायची. आवाज यायचा, मोठा व्हायचा, विहिरीत गेल्यासारखा खोल जायचा, पुन्हा वर यायचा. लघुलहरींवर दिल्ली लागे, लंडन लागे. ख्याल ऐकत असताना नेमका समेच्या आधी आवाज बुडाला तर घरातला जाणता माणूस हाताने ताल धरून राहायचा आणि आवाज परत आला की आपण बरोबर जागेवर आहोत का ते तपासायचा. ही आठवण मी तीन वेगवेगळ्या घरांतून ऐकली आहे.

याहून आधीचं एक पान महाराष्ट्राला माहीत असायला हवं. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. तो गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात बसून ऐकला. भाषण नाही, बातम्या नाहीत. बोरघाट ओलांडून पलीकडे गेलं ते गाणं.

मग १६ जुलैलाच कार्यक्रम का ठेवत नाही?

पाऊस. अंगण उघडं आहे. शिवाय मेघगर्जना सुरू झाली की जुन्या घरांत सेट बंद करून एरियलची वायर जमिनीत गाडलेल्या वायरला जोडून टाकत, वीज सेटमध्ये उतरू नये म्हणून. नागपूरच्या आषाढात रेडिओची संध्याकाळ निम्मी याच कामात जायची. पौषातली हवा कोरडी असते, शाल पांघरून बसता येतं.

त्या काळी गाणं खरंच थेट गायलं जायचं? तबकड्या होत्या ना?

होत्या. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं. तेवढ्यात बागेश्रीची नुसती ओळख होते. अर्धा तास राग मांडायचा तर गायकाला स्टुडिओत यावंच लागे. टेप नंतर आली, आणि आल्यावरही ती महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरली जाई.

म्हणून काय व्हायचं ते डोळ्यांसमोर आणा. गायकाच्या घरी टपालाने करारपत्र येतं. त्यात तारीख, वेळ आणि मिनिटं लिहिलेली असतात. तो सायकलवर किंवा टांग्याने सिव्हिल लाईन्सला पोचतो. स्टुडिओच्या भिंती आवाज पिणाऱ्या, दार जाड, आत रस्त्याचा आवाज येत नाही आणि समोर ‘वा’ म्हणायला कोणी नाही. तानपुरे आधीच जुळवून ठेवायचे, कारण लाल दिवा लागला की खुंटी पिळायची नाही. मग तो दिवा लागतो. बैठकीत दोन तास रंगणारा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंचवीस मिनिटांत विलंबित आणि द्रुत बसवतो. पुष्कळांना हे जमलं नाही. ज्यांना जमलं त्यांचं गाणं याच बंधनामुळे नेटकं झालं असं मला वाटतं. आलापीतला फापटपसारा गेला, बंदिश पुढे आली.

दिवा विझला की ते गाणं संपलं. कायमचं. त्या सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी संध्याकाळी आपल्या गावातल्या आणि आसपासच्या गायकांनी गायलेलं गाणं कुठेच साठवलेलं नाही. ते ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानातच राहिलं, आणि ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. हा कार्यक्रम सुरू करण्याचं खरं कारण हेच.

पेटी का नसते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, कधी कधी रागानेही. रेडिओवर पेटीला बंदी होती म्हणून आमच्याकडेही नसते.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या सगळ्या केंद्रांवर हार्मोनियम बंद झाली. तेव्हा खात्याचे प्रमुख होते लायोनेल फील्डन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघणारे जॉन फोल्ड्स यांनी त्याआधी पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला कडक विरोध होता. मुद्दा असा, की पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही, आणि दरबारी रागातला झुलणारा, आंदोलित गंधार तर मुळीच नाही. गायकाला पेटीच्या ठोकळेबाज सुरांची सवय लागेल ही भीती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंदी सैल झाली आणि साथीला पेटी परत आली. एकल वादनाला त्यानंतरही फार वर्षं थांबावं लागलं. म्हणजे नागपूर केंद्राची पहिली वीसेक वर्षं पेटीविना गेली.

मराठी माणसाला हे किती लागलं असेल त्याचा विचार करा. आपलं नाट्यसंगीत उभंच ऑर्गन आणि पेटीवर. गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस पेटी वाजवायला बसला की ऐकणारे गायकाला विसरत, अशी आपली परंपरा. आणि रेडिओवर नाट्यपद म्हणायचं ते सारंगी नाहीतर व्हायोलिनच्या साथीवर! मला स्वतःला ती बंदी चुकीची वाटते. वाद्याचा दोष दाखवणं वेगळं आणि ते वाजवणाऱ्यांचं दार बंद करणं वेगळं. पण त्याच बंदीमुळे सारंगियांना त्या पडत्या काळात केंद्रांवर काम मिळालं, हेही तितकंच खरं.

गेल्या खेपेला आमच्या गायकाने एक जुनं नाट्यपद नुसत्या सारंगीवर म्हटलं. तान संपल्यावर सारंगी जशी मागून रेंगाळत यायची, तशी पेटी कधीच येऊ शकली नसती. पेटीचा अभिमान असणाऱ्यांनी एकदा हे ऐकावं, एवढीच विनंती.

कोणते राग आणि कोणते प्रकार ऐकायला मिळतात?

वेळेप्रमाणे. रेडिओने रागांच्या वेळा काटेकोर पाळल्या, आम्हीही पाळतो. सातला मारवा किंवा पूरिया. त्यानंतर यमन किंवा भूप. नऊच्या पुढे बागेश्री नाहीतर बिहाग. मालकंस हवा म्हणून दरवर्षी आग्रह होतो, पण साडेनऊला आम्हाला आवरायचं असतं, मालकंसाची वेळ त्यापुढची आहे.

मधे भावगीत. इथे विदर्भाने मान ताठ ठेवावी. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली आणि तिथपासून मराठी भावगीताचं युग मोजतात. कवी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला. नाट्यपदांच्या बाबतीत वसंतराव देशपांड्यांचं नाव निघतंच. मूळचे मूर्तिजापूरचे, लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. त्यांच्यासारखं कोणी गाईल अशी अपेक्षा करू नका, पण या गावच्या कानावर कसले संस्कार होते ते त्यावरून कळतं.

शेवटच्या तासात खंजिरी भजन असतं, आणि एखाद्या वर्षी जमलं तर खडी गंमत या वैदर्भी लोकनाट्यातली लावणी किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली दंडार, म्हणजे तिथला नाचगाण्याचा लोकप्रकार. मायक्रोफोन एकच असल्याने दंडारीच्या वेळी मंडळींना खोलीच्या पार टोकाला उभं करावं लागतं, नाहीतर सेटचा स्पीकर फाटेल असा आवाज येतो.

गीतरामायणाची फर्माईश पुष्कळ येते. ते पुणे केंद्राचं, १ एप्रिल १९५५ पासूनचं, छप्पन्न गीतांचं. आमची संध्याकाळ त्याच्या आधीच्या काळातली आहे, म्हणून घेत नाही.

सिनेमाची गाणी?

एकच, आणि तेही तबकडीवरून. सिनेसंगीत त्या काळच्या रेडिओवर होतं, पण १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाले आणि त्यांनी ते जवळजवळ हद्दपार केलं. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे निस्सीम चाहते. २० जुलै १९५२ ला सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम हे त्यांच्याच कारकिर्दीतलं काम, आणि ते मोठं काम होतं. पण लोकांनी सेटचा काटा कोलंबोकडे फिरवला. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज घरोघरी गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावीच लागली. केसकरांनी दिलं तेवढं ठेवून घ्यावं आणि काढून घेतलं ते विसरावं, असं मला वाटतं. माझ्या मोठ्या काकांना हे अजिबात मान्य नाही.

सुरुवातीला रेडिओवर गाणाऱ्या स्त्रिया कोण होत्या?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजमधल्या मुलीने विचारला आणि त्यानंतर मी तो यादीत घातला.

तबकडीवर आणि रेडिओवर आधी आल्या त्या पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळणाऱ्या घराण्यांतल्या बाया. बाईजी, कलावंतिणी, नायकिणी. १९०२ मध्ये गौहरजानने तबकडीवर गायलं तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या मुली गुणगुणायलाही भीत होत्या. ठुमरी, दादरा, होरी, कजरी, हे सगळं त्या बायांच्या गळ्यात होतं. मग स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या सुमाराला, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जातं अशांना रेडिओवर बोलावू नये असा हुकूम निघाला. गळा नव्हे, चारित्र्य तपासलं गेलं, आणि तेही फक्त बायांचं. पुरुष गवयांचं खासगी आयुष्य कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी तिकीट लावून, व्यासपीठावर मानाने बसून गाण्याची वाट पाडली होती, आणि त्या वाटेने पुढे घराघरांतल्या मुली स्टुडिओपर्यंत पोचल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून आमच्या संध्याकाळी एक ठुमरी असतेच, आणि ती सुरू होण्याआधी निवेदक हे दोन वाक्यांत सांगतो.

ऐकणाऱ्या स्त्रियांबद्दलही लिहायला हवं. बैठकीला बायकांनी जायची पद्धत नव्हती. रेडिओ दिवाणखान्यात असला तरी त्याचा आवाज स्वयंपाकघरात पोचायचा. किती बायकांनी अमीर खाँ, हिराबाई, भीमसेन हे पहिल्यांदा भाकऱ्या थापताना ऐकले असतील!

सेट लावल्यावर लगेच आवाज का येत नाही?

व्हॉल्व्ह तापावे लागतात. आत काचेच्या नळीत एक तार लाल होते, तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि मगच पुढचं काम सुरू होतं. त्याला अर्धं मिनिट लागतं. आधी हलकी गुणगुण, मग हळूहळू वर येणारा आवाज. आमच्या सेटला हिरवा ‘जादूचा डोळा’ आहे. केंद्र बरोबर लागलं की त्यातली सावली आक्रसते. तो बघायला मुलं पुढे येतात, येऊ द्या.

आमच्या घरी आजोबांचा जुना रेडिओ आहे. घेऊन येऊ का?

जरूर आणा. मर्फी, फिलिप्स, बुश, जी.ई.सी., काहीही. पण कृपा करून घरी त्याची पिन लावून बघू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर सुकलेले असतात. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि कमजोर कपॅसिटर फुटतो. आमच्या घरचा सेट असाच गेला. वडिलांनी हौसेने लावला, वीस सेकंदांत जळका वास आला, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तो पुन्हा कधी बोलला नाही. काही सेटना तर ट्रान्सफॉर्मरच नसे, त्यांचा आतला पत्रा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. मागचं झाकण काढून हात लावला तर जीव जाऊ शकतो.

आमच्यात एक निवृत्त मेकॅनिक आहेत. ते आधी तपासतात, मग दिव्याच्या मालिकेतून हळूहळू दाब वाढवत सेट जागा करतात. दोन वर्षांत असे पाच सेट बोलू लागले.

घरात रेडिओचं लायसन्सबुक सापडलं. ते कशाचं?

रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. सुरुवातीला वर्षाला दहा रुपये, पुढे पंधरा. दरवर्षी पोस्टात जाऊन नूतनीकरण करून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात हे संपलं. ते पुस्तक फेकू नका. त्यावर सेटचा मेक, मालकाचं नाव, मोहल्ल्याचा पत्ता असतो. एखाद्या गल्लीत पहिला रेडिओ कोणाकडे आला ते त्यावरूनच कळतं.

लहान मुलांना आणावं का?

आठ वर्षांच्या पुढच्यांना आणा. साडेसहा ते सातच्या दरम्यान क्रिस्टल सेट दाखवतो. तारेचं वेटोळं, एक डायोड, कानाला लावायचा जुना फोन आणि गच्चीवर बांधलेली लांब तार. बॅटरी नाही, वीज नाही. जवळच्या केंद्राच्या लहरींतच कानातला पडदा हलवण्याइतकी शक्ती असते. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ५१३ मीटरवर. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्येच असत, तेव्हा मुलांना भागाकार करायला लावा : तीन लाखांना किलोहर्ट्झने भागायचं.

याच शहरात पुढे एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला आणि १८ मे १९८८ पासून त्यावरून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभराची राष्ट्रीय वाहिनी देशभर जाऊ लागली. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा हा फायदा. मुंबईच्या पहिल्या केंद्राचा दीड किलोवॅट आठवा आणि हा आकडा बघा.

मोबाईलवर रेकॉर्ड करता येईल?

नाही. फोन दारातल्या टोपलीत ठेवतो आणि जाताना परत देतो. यावर दरवर्षी कोणीतरी नाराज होतं. आपण हरवलेल्या गाण्यांबद्दल हळहळतो आणि मग स्वतःच रेकॉर्ड करू देत नाही, हे कसं, असंही एकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. गाणारे जे गातात ते आम्ही लेखी नोंदवतो : राग, बंदिश, साथीदार, मिनिटं. आवाज मात्र साठवत नाही. पुन्हा मिळणार नाही हे माहीत असताना माणूस कसा ऐकतो, तेच तर तीन तास अनुभवायचं आहे. म्हातारी माणसं अजून तसंच ऐकतात. निवेदकाने ‘आता ऐकू या’ म्हटलं की त्यांचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबतं.

हा कार्यक्रम आकाशवाणीचा आहे का? तिकीट किती?

आकाशवाणीशी संबंध नाही, प्रेम आहे. तिकीट नाही. जागा साठ, म्हणून आधी कळवा. गाडी वाड्यापर्यंत येत नाही, गल्ली अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत, बाकीच्यांना सतरंजी. शाल आणा, आठनंतर थंडी वाजते.

येताना आणखी काही आणायचं का?

वही, असली तर.

माझी आजी रेडिओवरची गाणी लिहून घ्यायची. गाणं एकदाच यायचं, तिचे हात पिठाचे असायचे, आणि गायिका तिच्यासाठी थांबायची नाही. म्हणून तिच्या वहीत ओळी आहेत आणि मधे मधे जागा सोडलेल्या आहेत. ऐकू न आलेला शब्द, निसटलेली ओळ. पुन्हा कधी ते गाणं लागलं की ती तेवढीच जागा भरायची, बहुधा वेगळ्या शाईने. काही गाण्यांत तीन तीन शाया आहेत. काही जागा तशाच राहिल्या.

तिसऱ्या वर्षी मी ती वही वाड्यात ठेवली. धरमपेठेतून नातवाबरोबर आलेल्या एक आजी मध्यंतरात ती चाळत होत्या. एका पानावर थांबल्या, बोट ठेवलं आणि रिकामी ओळ म्हणून दाखवली. चालीसकट. मग म्हणाल्या, “आमच्याकडे आवाज चांगला यायचा बाई, आमचं घर उंचावर होतं.”

ती ओळ मी पेन्सिलने लिहिली. वहीत अजून अकरा जागा मोकळ्या आहेत. ती ओसरीवर सेटच्या शेजारीच ठेवलेली असते, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे.